ऑनलाइन एमएस्सी खगोलशास्त्र : सगळे अडकतात ते प्रकल्पाशी

खगोलशास्त्रात ऑनलाइन एमएस्सी करायची म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, 'चांगली दुर्बीण घ्या.' घेऊ नका. हौस म्हणून जरूर घ्या, पण अभ्यासक्रमासाठी तिचा उपयोग जवळजवळ नाही. या पातळीवर तुम्ही आकाशापेक्षा तक्त्यांकडेच जास्त बघणार आहात. दुसरा लाडका सल्ला म्हणजे 'आधी सगळं गणित पक्कं करा.' तेही नको, कारण सगळं गणित कुणाचंच कधी पक्कं होत नाही आणि प्रवेशाची मुदत मात्र निघून जाते.

मी ही पदवी नोकरी सांभाळून घेतली. नंतर बऱ्याच जणांना त्यांच्या प्रकल्पात मदत केली. व्याख्यानं, गृहपाठ, परीक्षा यांत फारसं कुणी बुडत नाही. बुडतात ते प्रकल्पात, आणि तिथेही बहुतेकदा त्याच एका खड्ड्यात. म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो आणि बाकीचं झटपट उरकतो.

१. अभ्यासक्रम निवडा

अभ्यासक्रम ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. एकात बीजगणित आणि लॉगॅरिदम आले की भागतं. शिक्षक, विज्ञानलेखक, तारांगणात काम करणारे यांच्यासाठी तो उत्तम. दुसरा म्हणजे सरळसरळ भौतिकशास्त्राची एमएस्सी, त्यात कलन, पुंजयामिकी, प्रारणाचं वहन सगळं येतं. पुढे पीएचडी करायची असेल तर पहिल्या प्रकारच्या पदवीवर विसंबू नका. जिथे पीएचडी करायची आहे त्या विभागाला 'ही पदवी चालेल का' असं आधीच लेखी विचारा.

माहितीपत्रकातल्या दीर्घिकांच्या रंगीत चित्रांवर जाऊ नका. दोनच प्रश्न विचारा : प्रकल्पाला प्रत्येकी एक मार्गदर्शक मिळतो का, आणि तो कच्चा मसुदा वाचतो का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा.

२. हत्यारं

पायथन ही संगणकभाषा, तिच्यातलं खगोलशास्त्रासाठीचं ॲस्ट्रोपाय आणि तक्ते हाताळायला टॉपकॅट. तिन्ही फुकट. शोधनिबंध नासाच्या एडीएसवर शोधायचे आणि अर्काइव्हवरून उतरवायचे. जुन्या टिपणांत 'आधी आयराफ (दुर्बिणीच्या प्रतिमा हाताळायची जुनी प्रणाली) शिका' असं दिसलं तर पुढे चला. त्याचा अधिकृत आधार २०१३ मध्येच थांबला.

३. आठवड्याचा अभ्यास

रोज तासभर. रविवारी आठ तास बसू, असं ठरवणारे दुसऱ्याच महिन्यात मागे पडतात.

४. प्रकल्प

विषय असा हवा की त्याचं उत्तर एका आकड्यात आणि त्याच्या अनिश्चिततेत देता येईल. 'कृष्णविवरांचा अभ्यास' हा विषय नव्हे. 'एम ६७ या तारकागुच्छाचं अंतर किती?' हा विषय. 'एवढं सोपं?' असं वाटेल. वाटू द्या. मी हाच घेतला होता, आणि त्यात माझे सात आठवडे गेले.

एम ६७ कर्क राशीत आहे आणि त्याचं वय सुमारे ४ अब्ज वर्षं. ताऱ्यांच्या जागा, गती आणि अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाची तिसरी विदासूची जून २०२२ मध्ये आली. तीत सुमारे १.८ अब्ज तारे आहेत. गुच्छाच्या केंद्राभोवती अर्ध्या अंशाच्या त्रिज्येतले तारे मागवा आणि आरयूडब्ल्यूई (मोजमाप किती नीट बसलं ते सांगणारा सूचीतला आकडा) १.४ पेक्षा जास्त असलेले बाजूला ठेवा. इथवर दुपारभराचं काम.

मग सदस्य निवडायचे. एम ६७ चे तारे आकाशात एकत्र सरकतात : विषुवांशात (पूर्व-पश्चिम दिशेत) वर्षाला सुमारे −११ मिलीआर्कसेकंद, क्रांतीत (उत्तर-दक्षिण दिशेत) सुमारे −२.९. मिलीआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग. निजगतीचा, म्हणजे या सरकण्याचा, आलेख काढला की त्या जागी ठिपक्यांचा घट्ट पुंजका दिसतो. त्याभोवती वर्तुळ काढा आणि आतले तारे घ्या. वर्ण-प्रत आलेखात (ताऱ्याचा रंग आणि त्याच्या तेजाची प्रत यांच्या आलेखात) जे मुख्य क्रमावर, म्हणजे बहुतेक तारे ज्या पट्ट्यात येतात त्यावर, छान बसतात तेवढेच निवडायचा मोह होईल. तसं करू नका. जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरल्यासारखं होतं, आणि परीक्षकाला ते पहिल्याच पानावर कळतं.

आता तो खड्डा. लंबन म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जागेत दिसणारा किंचित बदल; त्याचा व्यस्त म्हणजे अंतर, हे शाळेत शिकलेलं असतं. म्हणून मी प्रत्येक ताऱ्याच्या लंबनाचा व्यस्त काढला, सगळ्या अंतरांची सरासरी घेतली आणि खूश झालो. काही ताऱ्यांचं लंबन ऋण होतं. ऋण अंतर कसलं, म्हणून ते तारे मी गुपचूप काढून टाकले. दोन्ही गोष्टी चूक होत्या.

ही चूक नेमकी कुठे आहे ते बघा. समजा खरं लंबन १ मिलीआर्कसेकंद, म्हणजे अंतर १००० पार्सेक (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). एका ताऱ्याचं मोजलेलं लंबन ०.५ निघालं, दुसऱ्याचं १.५. लंबनांची सरासरी १, म्हणजे अंतर बरोबर १०००. पण आधी व्यस्त काढलात तर २००० आणि ६६७ येतात, आणि त्यांची सरासरी होते १३३३. मापन दोन्ही बाजूंना सारखंच चुकलं, तरी उत्तर एकाच बाजूला ढकललं गेलं. ऋण लंबन ही गायाची चूक नाही. मापनाला गोंगाट असतो, आणि खरी किंमत लहान असली की काही मापनं शून्याखाली जाणारच. तेवढीच फेकून दिलीत तर उरलेल्यांची सरासरी फुगते.

म्हणून आधी लंबनांची सरासरी काढा, प्रत्येकाला त्याच्या अनिश्चिततेनुसार वजन देऊन, आणि व्यस्त सगळ्यात शेवटी, एकदाच. १५ पेक्षा कमी प्रतीच्या, म्हणजे तेजस्वी, ताऱ्यांचं लंबन गाया ०.०२ ते ०.०३ मिलीआर्कसेकंदांपर्यंत नेमकं देतो. प्रत २० ला तीच अनिश्चितता ०.५ होते. तेव्हा मंद ताऱ्यांचा ढीग जमवून फारसं काही मिळत नाही.

आणि ज्यात माझी सर्वांत मोठी फजिती झाली ते आता. शेकडो ताऱ्यांची सरासरी घेतल्यावर माझी अनिश्चितता भलतीच लहान झाली. मी ऐटीत अंतर लिहिलं, पुढे ± २ पार्सेक. मार्गदर्शकांनी समासात एवढंच लिहिलं, 'उपग्रहाची स्वतःची चूक कुठे गेली?' गायाच्या लंबनांमध्ये मुळातच एक सरक आहे, म्हणजे सगळी मापनं किंचित एकाच बाजूला झुकलेली आहेत. क्वेसारांवरून (इतक्या दूरच्या तेजस्वी दीर्घिका की त्यांचं लंबन शून्यच यायला हवं) ती साधारण −०.०१७ मिलीआर्कसेकंद निघते, आणि ताऱ्याची प्रत, रंग, जागा यांनुसार बदलते. दुरुस्तीचं सूत्र गायाच्या चमूनेच दिलेलं आहे, ते वापरा. एम ६७ चं लंबन सुमारे १.१५, म्हणजे ८७० पार्सेक. त्यात ०.०१७ मिळवलं की अंतर ८५७ वर येतं. तेरा पार्सेकचा फरक, आणि मी लिहिले होते दोन! दुरुस्तीनंतरही सुमारे ०.०१ मिलीआर्कसेकंद अनिश्चितता शिल्लक राहते, ती गुच्छातल्या सगळ्या ताऱ्यांना सामाईक असते. हजार तारे घेतलेत तरी ती घटत नाही. ती वेगळी लिहा.

शेवटी वर्ण-प्रत आलेख. मुख्य क्रमाच्या वर, साधारण पाऊण प्रतीवर, ठिपक्यांची दुसरी फिकट रेघ दिसेल. मी तीन दिवस ती 'दुरुस्त' करत बसलो होतो. ते जोडतारे आहेत : दोन सारखे तारे एकच ठिपका म्हणून दिसले तर प्रकाश दुप्पट होतो, आणि दुप्पट प्रकाश म्हणजे ०.७५ प्रत. पुसू नका. अहवालात त्यावर एक परिच्छेद लिहा.

५. अहवाल

आधी आकृत्या, मग त्यांच्याखालच्या ओळी, मग मजकूर. प्रस्तावना सर्वांत शेवटी.