गुनकानजिमावर उतरायचंय? मग नागासाकीत दोन दिवस ठेवाच

नागासाकीचा प्लॅन करताय आणि लिस्टमध्ये गुनकानजिमा (नागासाकीजवळचं, कोळशाच्या खाणीचं ओसाड बेट) असेल तर आधी हे लक्षात घ्या की तिकीट काढलं म्हणजे बेटावर उतरायला मिळेलच असं अजिबात नाही. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला, लाट अर्ध्या मीटरपेक्षा मोठी झाली किंवा ५०० मीटरपर्यंतचंही नीट दिसत नसेल तर बोट धक्क्याला लावतच नाहीत. मी गेले त्या दिवशी शहरात मस्त ऊन होतं, पान हलत नव्हतं, आणि बेटाजवळ पोचलो तर लाटा भिंतीवर आपटून वर उडत होत्या, मग काय, बोट बेटाला चक्कर मारून परत. दुसऱ्या दिवशी उतरायला मिळालं ते केवळ एक दिवस हातात होता म्हणून. त्यामुळे बोटीचं बुकिंग पहिल्या दिवशी सकाळचं करा, हुकलं तर दुसरा दिवस आहे. आणि उतरता आलं नाही तर कुठले पैसे परत मिळतात हे बुक करतानाच विचारून घ्या. वादळांच्या सीझनमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरला, शक्यतो जाऊच नका.

पोचायला सोपं आहे. फुकुओकाला उतरा, हाकाता स्टेशनवरून ट्रेन घ्या, ताकेओ-ओनसेनला समोरच्याच प्लॅटफॉर्मवर शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, उभी असते (ही २०२२ ला सुरू झाली), एकूण दीड तासात नागासाकी. बोटी नागासाकी बंदरातून सुटतात, अर्धा-पाऊण तास लागतो. बेटावर टॉयलेट नाही, दुकान नाही, सावली नाही, सगळं बोटीवरच उरकून घ्या. छत्री उघडू देत नाहीत म्हणून टोपी आणि रेनकोट न्या, हिल्स नकोत, पाणी जवळ ठेवा. नियम पाळेन असं लिहून सही द्यावी लागते आणि गाइडला सोडून एकट्याने कुठेही फिरता येत नाही, कारण इमारती खरंच ढासळतायत.

आता बघायचं काय, कारण न वाचता गेलात तर नुसती पडकी घरं दिसतील. बेटाचं खरं नाव हाशिमा, लांबून युद्धनौकेसारखं दिसतं म्हणून गुनकानजिमा. लांबी जेमतेम ४८० मीटर, रुंदी १६० मीटर, आणि त्यातलाही बराच भाग भर घालून वाढवलेला. १८९० ला मित्सुबिशीने विकत घेतलं, समुद्राच्या तळाखालून कोळसा काढायला. १९६० च्या आसपास एवढ्याशा जागेत पाच हजारांवर माणसं राहत होती, शाळा, हॉस्पिटल, सिनेमा थिएटर, सगळं तिथेच. झाडांना जागा नव्हती म्हणून गच्चीवर माती नेऊन भाज्या लावल्या होत्या लोकांनी. जानेवारी १९७४ ला खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेट रिकामं.

उतरल्यावर तीन ठिकाणी थांबवतात. पहिल्या जागी कोळशाच्या कन्व्हेयर बेल्टचे नुसते काँक्रीटचे खांब एका ओळीत उभे दिसतात. पुढे खाणीत उतरायच्या जागेकडे जाणारा जिना दिसतो. हा जिना नीट बघा, कारण कामगार यावरून चढून पिंजऱ्यात, म्हणजे खाणीच्या लिफ्टमध्ये, बसायचे आणि खाली, उकाड्यात आणि प्रचंड दमटपणात, कोळसा फोडायचे. दुसऱ्या जागी लाल विटांची भिंत आहे, ती ऑफिसची. तिथेच कामगारांचं सामायिक न्हाणीघर होतं, वर आल्यावर आधी कपड्यांसकट समुद्राच्या पाण्यात बसायचे, पाणी काळंकुट्ट व्हायचं, गोडं पाणी सगळ्यात शेवटी, कारण ते बाहेरून आणावं लागायचं. १९५७ ला समुद्राखालून पाइपलाइन टाकली तेव्हा कुठे ती अडचण सुटली. तिसऱ्या जागेवरून ३० नंबरची बिल्डिंग दिसते, १९१६ ची, सात मजली, जपानमधली पहिली आरसीसी चाळ म्हणा ना. कॅमेऱ्याला झूम असेल तर इथे वापरा, कारण जवळ जाता येत नाही आणि दर वर्षी तिचा काही ना काही भाग कोसळतोय.

एक गोष्ट मात्र गाइडने सांगितली नाही तरी तुम्ही विचारा. युद्धाच्या काळात कोरियन आणि चिनी माणसांना इथे आणून जबरदस्तीने राबवलं गेलं. २०१५ ला वर्ल्ड हेरिटेजमध्ये नाव आलं तेव्हा जपानने हे मान्य केलं आणि त्यांची आठवण जपायचं आश्वासन दिलं, पण ते नीट पाळलं नाही म्हणून २०२१ ला वर्ल्ड हेरिटेज कमिटीने जपानला सुनावलंसुद्धा. माझ्या टूरमध्ये यावर एक वाक्य नव्हतं, मला ते फार खटकलं. तो जिना बघताना ती माणसंसुद्धा डोळ्यांसमोर असायला हवीत.

दोन्ही दिवस समुद्राने साथ दिली नाहीच तर नागासाकीत गुनकानजिमा डिजिटल म्युझियम आहे तिथे जा, आणि जवळच्या ताकाशिमा बेटावर कोळशाचं छोटं म्युझियम आहे, बाहेर हाशिमाचं मोठं मॉडेल ठेवलंय, त्यावरून कुठली बिल्डिंग कुठे ते छान कळतं.