जपानी पाहुण्यांचा ग्रुप पुण्यात आणताना: व्हिसापासून सी-फॉर्मपर्यंत

पंचवीस जणांचा ग्रुप म्हटला की आयोजकाच्या डोळ्यांसमोर एक बस आणि एक यादी येते. इमिग्रेशनच्या खिडकीवर मात्र पंचवीस वेगवेगळी माणसं उभी असतात. त्यातल्या एकाच्या कागदात खोट निघाली, तर बाकीचे चोवीस बसमध्ये ताटकळतात. पुण्यात जपानी भाषा शिकलेले लोक भरपूर आहेत, चाकण-रांजणगाव पट्ट्यात जपानी कंपन्या आहेत, जपानमधल्या ओकायामाशी जुळलेल्या मैत्रीतून सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान उभं आहे. त्यामुळे असे ग्रुप सांभाळायचं काम बऱ्याचदा पूर्णवेळ पर्यटन व्यवसायात नसलेल्यांच्या अंगावर येतं. भाषावर्ग चालवणारे, होमस्टेवाले, दुभाषे अशांनी कोणतं काम कधी आणि कसं करायचं, ते पुढे दिलं आहे.

आधी येण्याचं कारण नक्की करा

कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: कारखाना, ऑफिस, मीटिंग यांपैकी काही आहे का? टुरिस्ट व्हिसा हा फिरण्यासाठी, प्रेक्षणीय स्थळं पाहण्यासाठी, मित्र-नातेवाइकांना भेटण्यासाठी असतो. शनिवारवाडा आणि कार्ल्याच्या मधे कोणी चाकणच्या प्लांटमध्ये अर्धा दिवस व्यावसायिक बोलणी घातली, की त्या माणसाला बिझनेस व्हिसा लागतो. गडबड इथेच होते. पत्रिका सगळ्यांना एकच दिलेली असते. तीत 'प्लांट व्हिजिट' लिहिलेलं असतं. विमानतळावर अधिकारी विचारतो आणि पाहुणा प्रामाणिकपणे सांगतो, "कंपनी बघायला." त्याच्याकडे व्हिसा असतो टुरिस्टचा. म्हणून यादीचे सुरुवातीलाच दोन भाग करा, आणि कंपनीवाल्यांची पत्रिकाही वेगळी काढा.

व्हिसाचे तीन रस्ते

बहुतेकांना ई-टुरिस्ट व्हिसा सोयीचा. तीस दिवसांच्या व्हिसाचा अर्ज येण्याच्या तारखेच्या आधी 30 दिवसांच्या आतच घेतला जातो; एक वर्षाच्या आणि पाच वर्षांच्या व्हिसासाठी ही मुदत 120 दिवसांची आहे. किमान चार दिवस आधी अर्ज व्हायला हवा, पण ग्रुपसाठी ती घाई करू नका. दोन आठवडे हातात ठेवा, कारण पंचविसातले दोन-तीन अर्ज फोटोवरून हमखास परत येतात. फोटो चौकोनी, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, जेपीईजीमध्ये हवा. पासपोर्टचं पान पीडीएफमध्ये, 10 ते 300 केबीच्या दरम्यान. मोबाइलवर काढलेला स्कॅन सहज दोन एमबीचा होतो आणि साइट तो घेत नाही. पासपोर्ट येण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने चालू हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. अधिकृत दिसणाऱ्या, जादा पैसे उकळणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. भरलेली फी परत मिळत नाही.

तीस दिवसांच्या मंजुरीपत्रावर 'एक्स्पायरी' म्हणून जी तारीख असते तिचा अर्थ पुष्कळ जण चुकीचा लावतात. त्या तारखेपर्यंत भारतात प्रवेश करायचा असतो. राहण्याचे तीस दिवस मोजायचे ते उतरल्यापासून. आणि वेबसाइटवर 'ग्रँटेड' दिसल्याशिवाय कोणालाही विमानात बसू देऊ नका. मंजुरीची छापील प्रत प्रत्येकाच्या हँडबॅगेत असू द्या.

दुसरा रस्ता व्हिसा ऑन अरायव्हल. ही सवलत मोजक्या देशांना आहे आणि जपान त्यात आहे. भारतात घर किंवा नोकरी नसलेल्या जपानी नागरिकाला 60 दिवसांपर्यंतचा व्हिसा दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि हैदराबाद या विमानतळांवर मिळतो. फी माणशी 2,000 रुपये, लहान मुलांनाही तेवढीच. पर्यटनाबरोबर व्यवसायाचं कारणही यात चालतं, म्हणून शेवटच्या क्षणी ठरलेल्या कंपनीवाल्यांना हा मार्ग उपयोगी. पण पुणे विमानतळ या यादीत नाही. ई-व्हिसावर पुण्यात उतरता येतं, व्हिसा ऑन अरायव्हलवर नाही. बँकॉक किंवा दुबईमार्गे थेट लोहगावला, म्हणजे पुणे विमानतळावर, उतरणाऱ्यांच्या बाबतीत हा फरक विसरलात, तर तो पाहुणा विमानातच बसू शकणार नाही.

तिसरा रस्ता खास ग्रुपचा: सामूहिक लँडिंग परमिट, म्हणजे पूर्ण ग्रुपला मिळून उतरण्याची परवानगी. चार किंवा अधिक पर्यटक, आधी ठरलेला प्रवासक्रम आणि केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेली भारतीय ट्रॅव्हल एजन्सी, या तिन्ही गोष्टी असतील तरच ते मिळतं. एजन्सीला पासपोर्टच्या तपशिलांसह यादी आधी द्यावी लागते. शिवाय प्रवास ठरल्याप्रमाणेच होईल आणि मधेच कोणी ग्रुपमधून सुटून जाणार नाही, अशी लेखी हमी द्यावी लागते. ही हमी नुसती कागदावरची समजू नका. 'मी दोन दिवस मैत्रिणीकडे कोथरूडला राहते' म्हणणारी एक पाहुणी असेल, तर हा मार्ग तुमचा नव्हे. मान्यता नसलेल्यांनी आणि छोट्या आयोजकांनी ई-व्हिसावरच भर द्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नावाचं स्पेलिंग

जपानी नावं रोमन लिपीत लिहिताना दीर्घ स्वर घोटाळा करतात. एकाच आडनावाचं स्पेलिंग एखाद्याच्या पासपोर्टवर ओ-एन-ओ असतं, दुसऱ्याच्या ओ-एच-एन-ओ. ग्रुपलीडर यादी पाठवतो ती स्वतःच्या सवयीने. ती यादी तशीच व्हिसाला, विमानाला आणि हॉटेलला गेली, की तीन ठिकाणी तीन माणसं तयार होतात. उपाय साधा आहे: यादी कधीच टाइप करून मागू नका, पासपोर्टच्या फोटोच्या पानाचा स्कॅन मागा. नाव त्या पानाच्या तळाशी '<<' अशा खुणा असलेल्या दोन ओळींतून उतरवा. तिथे दुहेरी खुणेच्या आधी आडनाव आणि नंतर नाव असतं. पासपोर्ट नंबरात शून्य आणि 'ओ' अक्षर पुन्हा तपासा. हे काम दोघांनी करा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बघायचं.

विमानात बसण्याआधी

1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी प्रवाशांसाठी ई-अरायव्हल कार्ड आलं आहे. ते पोचण्याच्या आधीच्या 72 तासांत ऑनलाइन भरायचं, फी नाही. त्यात भारतातला पत्ता लागतो, तेव्हा पहिल्या हॉटेलचा पूर्ण पत्ता, पिनकोड आणि फोन इंग्रजीत लिहून सगळ्यांना एकाच मेसेजमध्ये पाठवा.

त्याच मेसेजमध्ये सामानाचे तीन इशारे घाला. जपानमध्ये तंबाखू गरम करून ओढायची उपकरणं सर्रास वापरली जातात. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटवर बंदी आहे आणि त्या व्याख्येत ही 'हीट नॉट बर्न' उपकरणंही येतात. तिकडच्या माणसाला ही ई-सिगारेट वाटतच नाही, म्हणून चित्र पाठवून सांगा. सह्याद्रीत ट्रेकिंगला येणारे सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं आणतात. परवानगीशिवाय तीही चालत नाहीत. ड्रोन घरीच ठेवायला सांगा. लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा विमानातून आणि धावपट्टीवर फोटो काढू नयेत हेही लिहा.

सी-फॉर्म: सगळ्यात जास्त चुका इथे

2025 च्या इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायद्याने जुने चार कायदे रद्द केले, पण परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी तशीच आहे. बोलीत त्याला अजूनही सी-फॉर्मच म्हणतात. ती जबाबदारी राहायला जागा देणाऱ्याची असते, मग ते पंचतारांकित हॉटेल असो, मुळशीतलं फार्महाऊस असो की तुमच्या ओळखीच्या काकूंची वरची खोली असो.

घरगुती जागा ठरवत असाल तर मालकाला पहिल्याच फोनवर विचारा, "सी-फॉर्मचं लॉगिन आहे का?" नसेल तर एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिक प्रादेशिक नोंदणी कार्यालयाच्या, संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते आणि ती स्थानिक नोंदणी कार्यालयाने मंजूर करावी लागते. पाहुणे दारात आल्यावर हे सुरू केलंत तर 24 तास उलटून जातात. कार्यालय कोणतं, हेही जागेवर ठरतं. शिवाजीनगर, कोरेगाव पार्क म्हणजे पुणे शहर पोलीस; हिंजवडी म्हणजे पिंपरी-चिंचवड; लोणावळा, कार्ला म्हणजे पुणे ग्रामीण. एका आठवड्याच्या सहलीत तिन्ही हद्दी येऊ शकतात.

फॉर्म माणशी एक. ग्रुपलीडरच्या नावावर पंचवीस जण दाखवता येत नाहीत. लहान मुलांचाही वेगळा. हॉटेल बदललं की नवा फॉर्म. भरताना हमखास चुकणाऱ्या रकान्यांत पहिला म्हणजे 'भारतात आल्याची तारीख'. तिथे पाहुणा मुंबईत उतरल्याची तारीख हवी, तुमच्याकडे आल्याची नव्हे. ती पासपोर्टवरच्या शिक्क्यावरून घ्या. दुसरा व्हिसा क्रमांक: तिथे अर्ज क्रमांक टाकला जातो. म्हणून व्हिसाचा शिक्का मारलेल्या पानाचा फोटो उतरल्या-उतरल्या बसमध्येच घ्या आणि हॉटेलला चेक-इनच्या आधी पाठवा. रात्री अकराला दमलेल्या पंचवीस माणसांकडून रिसेप्शनवर पासपोर्ट गोळा करणं कोणालाच नको असतं. पाहुणे गेल्यावर निघाल्याची नोंदही करायला सांगा.

पुण्यात एक खास गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ई-व्हिसाच्या अटींमध्ये संरक्षित आणि प्रतिबंधित क्षेत्रांबरोबर कॅन्टोन्मेंटचंही नाव आहे. आपल्याकडे पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट. म्हणून मुक्काम कॅम्पमध्ये ठरवण्यापेक्षा महापालिका हद्दीत ठरवा. कॅम्पमधलंच हॉटेल हवं असेल, तर आधी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

स्थळं, गाइड, गाडी, कर

शनिवारवाडा, आगाखान पॅलेस, कार्ला आणि भाजे ही पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याची स्थळं. परदेशी पर्यटकाला तिकीट 300 रुपये, ऑनलाइन काढलं तर 250. पंधरा वर्षांखालच्यांना माफ. पंचवीस जणांच्या ग्रुपचे एका स्थळामागे 1,250 रुपये वाचतात आणि रांगही टळते. अजिंठा-वेरूळला हेच दर 600 आणि 550. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही करायचे असतील तर मुक्काम बुधवारपासून पुढे धरा. कार्ल्याला चैत्रातली एकवीरेची यात्रा आणि नवरात्र टाळा. त्या दिवसांत पायऱ्यांवर ग्रुप एकत्र राहत नाही. लेणी शांतपणे पाहायची असतील तर मळवलीच्या बाजूचं भाजे बरं.

जपानी बोलणारा विद्यार्थी सोबत असणं वेगळं आणि स्मारकात पैसे घेऊन माहिती सांगणं वेगळं. संरक्षित स्मारकात मोबदला घेऊन लोकांना फिरवायला परवाना लागतो. जपानी येणारा परवानाधारक गाइड नसेल, तर परवाना असलेला गाइड घ्या आणि तुमचा माणूस दुभाषा म्हणून शेजारी उभा करा. ट्रायपॉड गेटवरच अडवला जातो. त्याला वेगळी परवानगी लागते.

गाडी पिवळ्या नंबरप्लेटचीच. गोव्याला किंवा हंपीला जायचं असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिटची मुदत बघा आणि प्रवाशांची यादी गाडीत ठेवा.

पैसे येनमध्ये आले म्हणजे सेवा निर्यात झाली आणि जीएसटी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. सहल भारतातच घडते, त्यामुळे कर लागतो. टूर ऑपरेटरसाठी इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) न घेता 5 टक्के हा दर आहे, आणि तो हॉटेल-गाडीसकट पूर्ण बिलावर. दर कळवतानाच तो धरा.

पासपोर्ट हरवला तर

आधी स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद. मग मुंबईतलं जपानचं महावाणिज्य दूतावास, तिथून प्रवासाचा नवा कागद. त्यानंतर एफआरआरओच्या ऑनलाइन सेवेतून देश सोडण्याची परवानगी. ती नसेल तर हातात नवा पासपोर्ट असूनही विमानतळावर थांबवतात, कारण जुना व्हिसा आणि प्रवेशाचा शिक्का हरवलेल्या पुस्तकात असतो. यात काही दिवस जातात, तेव्हा ग्रुपबरोबर पुढे कोण जाणार आणि पुण्यात त्या पाहुण्याजवळ कोण थांबणार, ती दोन नावं निघण्याआधीच यादीवर लिहून ठेवा. सगळ्यांचे पासपोर्ट, व्हिसा आणि शिक्क्याच्या पानांचे फोटो त्या दोघांच्याही फोनमध्ये हवेत, आणि सहल संपून सगळे मायदेशी पोचले की ते पुसून टाका.