ईदचा पैसा खिशात आहे तोवर लसीचं बघून घ्या

मेंढपाळ बांधवांनो, बकरी ईद झाली, नर विकले गेले, वर्षातनं एकदाच जो काय गठ्ठ्याने पैसा येतो तो आत्ता हातात आहे आणि पाऊस तोंडावर आलाय, म्हणून आत्ताच लिहितोय.

आपलं उत्पन्न आधी तीन वाटांनी यायचं. मटणाचे नर, लोकर, आणि शेतकऱ्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवल्याचे पैसे नाहीतर धान्य. आता लोकरीतनं बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरी पण निघत नाय, आणि कांद्याचा भाव पडला की शेतकरी बसवायच्या पैशाला हात आखडतो, त्याचं तरी काय चुकतं. म्हणजे सगळा भार ईदच्या बाजारावर. आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते बरं का. 2023 ला 29 जून, 2024 ला 17 जून, 2025 ला 7 जून, 2026 ला तर मे मध्येच. 2029 ला एप्रिलमध्ये येईल, तेव्हा चारा नाही, पाणी नाही, नराला वजन कुठनं येणार? मेंढी पाच महिने गाभण राहते, मग नराच्या वाढीचे महिने धरून उलटा हिशोब करा आणि एडका (पैदाशीचा नर) कळपात कधी सोडायचा ते आत्ताच ठरवा.

भाव चांगला मिळाला की आपण महागात अजून मेंढरं घेतो नाहीतर गाडीचा हप्ता लावून घेतो, आणि भाव पडला की पहिली कात्री औषधाला. मी स्वतः एका पडत्या वर्षी आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन जनावर अचानक मरतं तो रोग) लस पुढच्या महिन्यावर ढकलली, पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाल्लं आणि रात्रीत कोकरं गेली, ती पण कळपातली सगळ्यात गुटगुटीत. अजून डोळ्यासमोर दिसतात.

म्हणून आधी सरकारी दवाखान्यात जा. आंत्रविषाराची लस पावसाआधी, दुसरा डोस साधारण 15 दिवसांनी, ज्या मेंढरांना पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) लस टोचलेली नाही त्यांना ती कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारा, आणि जंताचं औषध. मग उरल्या पैशात दुसऱ्या कळपातला चांगला एडका. फलटणच्या निंबकर संस्थेची सुवर्णा जात जुळी देते, पण जुळ्यांना दूध पुरायचं तर मेंढीला खुराक लागतो, खुराकाची ताकद नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. चांगल्या मेंढीच्या माद्या भाव कितीही आला तरी विकू नका, पुढचा कळप तोच आहे.

विम्याची चौकशी पण करून ठेवा, केंद्राच्या योजनेत हप्त्याचा 15 टक्केच वाटा आपला असतो.

आणि थोडी रक्कम वेगळी काढाच. श्रावणापासून नवरात्रापर्यंत मटणाला गिऱ्हाईक कमी, त्यात घरात आजारपण निघालं की पडेल भावात जनावर विकावं लागतं, नाहीतर व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते आणि मग पुढच्या ईदचा भाव तोच ठरवतो. दसऱ्यापर्यंतचा किराणा, पोरांच्या वह्या-पुस्तकं, मुक्कामाच्या वाड्याच्या ताडपत्र्या याचा आकडा काढा आणि तेवढे पैसे घरातल्या बाईच्या खात्यावर टाका.