बंद दारं मोजायची राहिली

पब्लिक हेल्थला प्रवेश घेतला तेव्हा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या आजीने विचारलं, "म्हणजे तू इंजेक्शनं देणार?" तिसरं वर्ष सरत आलं तरी तिचं समाधान झालेलं नाही. डॉक्टर एकेका माणसाला बघतो, आम्ही अख्खी वस्ती बघतो, असं मी सांगते. "मग इलाज कोण करणार?" यावर मी विषय बदलते.

पहिलं वर्ष पाठांतरावर निभून जातं. खरा कस लागतो एपिडेमिऑलॉजी (आजार कोणाला, कुठे, का होतात याचा अभ्यास) आणि बायोस्टॅटिस्टिक्समध्ये (आरोग्याच्या आकड्यांचं शास्त्र). गणित अवघड नसतं, पण कशाने भागायचं तिथे घोळ होतो. बालमृत्युदर दर १००० जिवंत जन्मांमागे काढतात, लोकसंख्येमागे नाही. प्रिव्हॅलन्स म्हणजे आज किती जणांना आजार आहे. इन्सिडन्स म्हणजे ठरावीक काळात नव्याने किती जणांना झाला. मधुमेहाची माणसं औषधांमुळे जास्त जगू लागली, तर नवे रुग्ण न वाढताही प्रिव्हॅलन्स वाढतो. हे गळी उतरायला मला एक सेमिस्टर लागलं.

दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने बडोद्यातल्या एका वस्तीत रक्तदाबाचा सर्व्हे केला. प्रश्नावली गुजरातीत, आपसातली कुजबूज मराठीत. बीपी मोजण्याआधी माणसाला पाच मिनिटं शांत बसवायचं, दोनदा मोजायचं, चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबायचं. आता कुठल्याही घरात पाय ठेवला की चहाचं आधण चढणार, आणि आपल्यासोबत काकीही कप उचलणार! शेवटी आम्ही दारातच सांगू लागलो, "काकी, आधी बीपी, मग चहा."

एवढं सांभाळूनही आकडा भलताच वर आला. १४०/९० च्या पुढचे, म्हणजे उच्च रक्तदाबाचे लोक इतके, की आम्ही खूश. मोठा शोध लागल्यासारखं वाटलं. मॅडमनी फॉर्म चाळले आणि एवढंच विचारलं, "बंद दारं किती होती?"

ती आम्ही लिहिलीच नव्हती. सकाळी अकराला घरी असतं कोण? म्हातारी माणसं. कामावर गेलेली तरुण मंडळी हिशेबातच नव्हती, आणि वयाबरोबर बीपी वाढतोच. भेटले त्यांनाच आम्ही वस्ती समजलो होतो. मग संध्याकाळी आणि रविवारी पुन्हा फेऱ्या. तरी काही घरं मिळाली नाहीत, पण ती किती हे आता कागदावर होतं. अहवालातला आकडा खाली उतरला. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं.

नव्याने येणाऱ्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीचं आपल्या जिल्ह्याचं पत्रक काढून वाचावं. जाडजूड पुस्तकं नंतर. प्रत्येक टक्केवारीपाशी थांबायचं आणि बघायचं: कोणत्या वयाचे, बायका की पुरुष, एकूण किती जणांपैकी?

आणि फॉर्मवर "कुलूप" असा रकाना पहिल्या दिवशीच आखून घ्या. आमचा पेनने मागाहून ओढलेला आहे, वाकडा.