दोन दिवसांची सहल आणि जोडीदाराचे आठवडाभराचे सामान

शुक्रवारी दुपारी पुण्याहून निघून ताम्हिणी घाटाने माणगावमार्गे दापोलीला जायचे आणि रविवारी रात्री परतायचे, एवढाच बेत असतो. तरीही निघण्याच्या वेळी दारात आठवडाभर पुरेल इतके सामान मांडलेले असते आणि सहलीतला पहिला वाद जिन्यातच होतो. ज्यांचा जोडीदार प्रत्येक लहान प्रवासाला असे भरभरून सामान घेतो, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. सामान कमी करणे आणि सामान भरणाऱ्याचे मन राखणे या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात, मात्र त्याची तयारी निघण्याच्या तासाभर आधी नव्हे, तर दोन-तीन दिवस आधी सुरू करावी लागते.

सर्वप्रथम हे सामान नेमके कोणाचे आहे ते पाहावे. आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच व्यक्ती, आणि ती बहुधा गृहिणीच, स्वतःचे, नवऱ्याचे, मुलांचे आणि सासूबाईंचेही सामान भरते. काही राहिले तर प्रश्न तिलाच विचारला जातो, त्यामुळे ती काहीच मागे ठेवायला धजत नाही. जिच्यावर पाच जणांच्या गैरसोयीचा भार आहे, तिला ‘किती हे सामान’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून पहिला उपाय असा, की आपली बॅग आपण भरावी, दहा वर्षांवरील मुलांना त्यांची भरायला लावावी आणि शिवाय एक संपूर्ण जबाबदारी स्वतःकडे मागून घ्यावी.

औषधे ही त्यासाठी सर्वांत योग्य जबाबदारी आहे, कारण सामान वाढवणाऱ्या काळजीचे मूळ बहुधा तिथेच असते. घाटात मुलांना उलटीचा त्रास होत असेल तर कोणते औषध, किती आणि निघण्याच्या किती आधी द्यायचे, हे डॉक्टरांना अगोदरच विचारून ठेवावे. वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या सुट्या न घेता नाव वाचता येईल अशा पट्टीसकट आणि दोन दिवस अधिकच्या घ्याव्यात. ओआरएसची पाकिटे घेतली तर पाण्याचे माप पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच ठेवावे, मोठ्या पाकिटाला सहसा एक लिटर पाणी लागते, आणि तयार केलेले द्रावण २४ तासांनंतर वापरू नये. हा डबा डिकीत न ठेवता हाताशी ठेवावा. तो तुम्ही मनापासून सांभाळता आहात हे एकदा दिसले, की ‘असू दे, लागलं तर’ म्हणून भरल्या जाणाऱ्या इतर अनेक वस्तू आपोआप गळतात.

उरलेल्या वस्तूंबद्दल बोलताना ‘हे कशाला?’ असे विचारू नये, कारण त्यात उत्तर ऐकण्याची तयारी नसते. ‘हे कधी लागेल असं वाटतंय?’ असे विचारले तर मनातली भीती कळते, आणि त्या भीतीवर उपाय करता येतो. अंथरुणे स्वच्छ नसतील, गरम पाणी मिळणार नाही, डास असतील, लहानग्याला रात्री दूध लागेल, अशा या शंका असतात. कोकणात घरगुती निवासाची सोय करणाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करून टॉवेल, पांघरुणे, मच्छरदाणी, दूध आणि इस्त्री यांची चौकशी केली, तर चादरींची एक संपूर्ण पिशवी घरीच राहू शकते. हा फोन तुम्ही करावा, आणि जोडीदार शेजारी बसलेला असताना करावा, म्हणजे मिळालेली उत्तरे दोघांच्याही कानांवर पडतात.

जोडीदाराची काही काळजी खरीही असते, आणि ती मोकळेपणाने मान्य करावी. समुद्रकाठच्या दमट हवेत सुती कपडे लवकर वाळत नाहीत, पावसाळ्यात तर दोन दिवसांतही वाळत नाहीत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने हिवाळ्यातल्या रात्री स्वेटर आणि कानटोपीवाचून निघत नाहीत. म्हणून कपड्यांचा हिशेब दिवसांवर न करता प्रसंगांवर करावा: प्रवासाचा एक जोड, समुद्रात भिजण्याचा एक, संध्याकाळी फिरण्याचा एक आणि रात्रीचा एक. लहान मुलांना याहून दोन जोड अधिक द्यावेत आणि त्यावर वाद घालू नये. खरी जागा कपड्यांपेक्षा जाड टॉवेल खातात. भिजलेला सोलापुरी टॉवेल परतीच्या प्रवासात ओलाच राहतो आणि शेजारच्या कपड्यांनाही वास लावतो, त्याऐवजी पातळ पंचे घेतले तर ते तासाभराच्या वाऱ्यावरही बरेचसे सुकतात.

खाण्याच्या डब्यांना मात्र हात लावू नये. दशम्या, चटणी, चिवडा आणि लाडू यांत घरातल्या मोठ्यांची माया असते, आणि घाटात गाडी अडकली की तेच कामी येतात. शिवाय हे सामान जाताना संपते व परतताना कोकम, फणसपोळी किंवा हंगाम असेल तर आंबे ठेवायला जागा करून देते.

सामान किती न्यायचे, हे माणसाने ठरवण्यापेक्षा जागेने ठरवावे. सीएनजीवरील अनेक गाड्यांत टाकीनेच डिकीतील मोठी जागा व्यापलेली असते. काही गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाशी असल्याने चाक पंक्चर झाले तर सगळे सामान भर रस्त्यावर उतरवावे लागते. मागच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच रचलेले सामान मागची काच झाकते आणि जोराचा ब्रेक लागल्यास पुढे येऊन बसलेल्यांना लागू शकते. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी दोघांनी मिळून रिकाम्या बॅगा डिकीत ठेवून पाहाव्यात आणि ज्या बसतील तेवढ्याच भरायला घ्याव्यात. जड बॅग तळाशी, सीटच्या पाठीला टेकवून ठेवावी. त्यातली एक छोटी पिशवी जोडीदाराच्या मर्जीसाठी मोकळी सोडावी, तिच्यात काय आहे हे कोणी विचारू नये.

रेल्वेने जाताना शयनयान वर्गात माणशी ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते, त्यामुळे नियमाचा धाक दाखवून काही साधत नाही. गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते अशा स्थानकावर मुलांचा हात धरून किती बॅगा उतरवता येतील, हाच खरा हिशेब.

परतल्यावर बॅगा दोघांनी मिळून रिकाम्या कराव्यात आणि न वापरलेल्या वस्तू पलंगावर एका बाजूला ठेवाव्यात. त्या वेळी ‘मी म्हणत होतो ना’ असे चुकूनही म्हणू नये. जोडीदारालाच त्यांतून पुढच्या वेळी वगळायच्या वस्तू निवडू द्याव्यात आणि ती यादी त्याच्याच मोबाइलमध्ये ठेवावी. औषधे, मुलांचे अधिकचे कपडे, विजेरी आणि पावसाळ्यातल्या छत्र्या न वापरता परत आल्या, तरी त्या यादीत घालू नयेत.