कर्व्ह्ड ओएलईडी मॉनिटर: नाशकातल्या घरात कसा लावायचा, कसा टिकवायचा

काम संपलं की भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही आपल्या घरांतली चांगली सवय. ओएलईडी मॉनिटरला मात्र ती बाधते. ओएलईडीचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, आणि जितका उजळतो तितका झिजतो. मॉनिटर ही झीज अधूनमधून मोजतो आणि त्यानुसार पिक्सेलला मिळणारी वीज जुळवून घेतो. याला पिक्सेल रिफ्रेश म्हणतात. साधारण चार तासांचा वापर झाल्यावर मॉनिटर स्टँडबायला गेला की हे काम आपोआप सुरू होतं आणि बऱ्याच मॉडेलांत सहा ते दहा मिनिटांत आटोपतं. बटण लगेच बंद केलं तर ते होतच नाही. रोज असंच होत राहिलं तर टास्कबारचा किंवा चॅनेलच्या लोगोचा ठसा पडद्यावर लवकर बसतो, आणि एकदा पक्का बसलेला ठसा निघत नाही.

म्हणून रात्री हा क्रम ठेवा:

१. कॉम्प्युटर नेहमीसारखा शट डाउन करा. मॉनिटरचं बटण दाबायची गरज नाही, सिग्नल गेला की तो स्वतः स्टँडबायला जातो.
२. रिफ्रेश चालू असताना अनेक मॉनिटरचा पॉवरचा दिवा लुकलुकतो. लुकलुकणं संपेपर्यंत थांबा.
३. भिंतीवरचं बटण बंद करायचंच असेल तर त्यानंतर करा. खरं तर चालूच राहू द्या, स्टँडबायला अर्ध्या वॉटच्या आसपासच वीज लागते.

टेबलाखालच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर सगळं जोडलेलं असेल तर मॉनिटरचा प्लग वेगळ्या सॉकेटला लावा. नाहीतर घरातलं कुणीतरी सवयीने ते बटण दाबणारच.

याशिवाय बऱ्याच मॉडेलांत दीडेक हजार तासांनी एक मोठा रिफ्रेश येतो, तो तासभर चालू शकतो. मॉनिटरने सूचना दिली की जेवायच्या वेळी करून घ्या. पण मेनूत जाऊन हौसेने पुन्हा पुन्हा चालवू नका, त्यात पॅनेलच झिजतं.

महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते आणि पावसाळ्यात ती कधीही जाते. रिफ्रेशच्या मध्येच वीज गेली तरी मॉनिटर बिघडत नाही, राहिलेलं काम पुढच्या वेळी होतं. तरी मॉनिटर यूपीएसवर असलेला बरा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॉटचा असतो. ३४ इंची ओएलईडीला वापरात ५० ते १०० वॉट लागतात, त्यामुळे एकट्या मॉनिटरला तो पुरून उरतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग पीसी मात्र त्याच यूपीएसवर लावू नका, लोड वाढून दोन्ही एकदम बंद पडतील. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा हवा. एप्रिल-मेमध्ये अवकाळीचा गडगडाट सुरू झाला की मात्र रिफ्रेशचा विचार न करता प्लग सरळ काढून ठेवा. जुन्या नाशकातल्या वाड्यात राहत असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

कुणी घ्यावा

दिवसाचे आठ तास टॅली किंवा एक्सेल उघडं असेल तर हा मॉनिटर घेऊ नका. एकाच जागी थांबलेल्या पट्ट्या आणि पांढरा पडदा ही ओएलईडीची सगळ्यात वाईट परीक्षा आहे. त्या कामाला चांगला आयपीएस (साधा एलसीडी प्रकारचा) मॉनिटर स्वस्तही पडतो आणि टिकतोही. सिनेमे, गेम, फोटो, व्हिडिओ एडिटिंग आणि जोडीला थोडं ऑफिसचं काम असेल तर ओएलईडीसारखा काळा रंग दुसरीकडे मिळत नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी घरून ड्रॉइंग करणाऱ्यांनी वक्रतेचा आकडा पाहून घ्यावा. १८००आर म्हणजे १.८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, ८००आर म्हणजे ८० सेंटिमीटरचा. आकडा लहान तितका बाक जास्त. ८००आरवर खुर्ची थोडी जरी बाजूला सरकली तरी सरळ रेषा वाकलेली दिसते आणि शेजारी बसून ड्रॉइंग पाहणाऱ्याला तर काहीच नीट दिसत नाही. कॅडसाठी, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगसाठी, १८००आरच बरा. ४५ इंची आणि ३४४० बाय १४४० पिक्सेलचा मॉनिटरही मजकुराच्या कामाला घेऊ नका. तेवढेच पिक्सेल ३४ इंचात इंचाला सुमारे ११० बसतात, ४५ इंचात जेमतेम ८४, त्यामुळे अक्षरं फुटलेली दिसतात.

मराठी वाचणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दुकानातच पाहावी. क्यूडी-ओएलईडी या ओएलईडीच्याच एका प्रकारात बहुतेक पॅनेलांत लाल, हिरवा आणि निळा ठिपका त्रिकोणात बसवलेले असतात, त्यामुळे आडव्या कडांवर हिरवट-गुलाबी झाक येते. इंग्रजीत ती तुटक तुटक दिसते. देवनागरीत शिरोरेघ ओळभर सलग जाते, म्हणून आपल्याला ती चटकन जाणवते. एखादं मराठी बातम्यांचं पान त्या मॉनिटरवर उघडून बघा. घरी आणल्यावर विंडोजचं क्लिअरटाइप ट्यूनर (अक्षरांच्या कडा जुळवायची सोय) चालवा, स्केलिंग ११० ते १२५ टक्के ठेवा आणि थोडा जाड फॉन्ट निवडा. झाक पूर्ण जात नाही, पण डोळ्याला खुपेनाशी होते.

टेबल, खोकं, केबल

३४ इंची मॉनिटर साधारण ८० सेंटिमीटर रुंद असतो, ४९ इंची १२० च्या आसपास. आपल्याकडचं नेहमीचं टेबल दोन फूट खोल असतं. त्यावर कंपनीचा स्टँड ठेवला की पडदा नाकाशी येतो. डोळ्यांपासून ६५ ते ८० सेंटिमीटर अंतर हवं. टेबल बदलायचं नसेल तर कडेला आवळायचा मॉनिटर आर्म घ्या. घेताना तो किती वजन पेलतो आणि किती रुंद पडद्यासाठी आहे, हे दोन्ही बघा. वक्र मॉनिटरचं वजन पुढे झुकतं, त्यामुळे हलका आर्म मान टाकतो. सुताराने केलेल्या टेबलाची कड पार्टिकल बोर्डची असेल तर क्लँपच्या वर आणि खाली प्लायचा तुकडा घाला.

खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि दोघांनी मिळून उचला. पॅनेल कडांनी आणि मागच्या बाजूने धरा, पुढून बोटं दाबू नका. वक्र पडदा सपाट टेबलावर पालथा ठेवला की सगळा भार दोन कडांवर येतो आणि तिथेच तडा जातो. स्टँड किंवा आर्म बसवताना तो खोक्यातल्या फोमवरच राहू द्या.

जोडल्याबरोबर, बदलून मिळायची मुदत असतानाच, अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळा, पूर्ण पांढरा, लाल, हिरवा, निळा आणि अगदी गडद राखाडी, म्हणजे पाच टक्क्यांचा, असे पडदे दाखवून पाहा. मेलेला पिक्सेल रंगांवर दिसतो, उभ्या पट्ट्या गडद राखाडीवर. फिकट पट्ट्या बऱ्याच पॅनेलांत असतात, ठळक असतील तर परत करा.

रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, वरच्या पिक्सेल रिफ्रेशपेक्षा वेगळा) १०० हर्ट्झला अडकला तर बहुतेक वेळा दोष केबलचा किंवा पोर्टचा असतो. ३४४० बाय १४४० ला एचडीएमआय २.० तिथवरच पोचतं. खोक्यात आलेली डिस्प्लेपोर्ट केबल वापरा आणि विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन आकडा हाताने निवडा.

उजेड आणि ऊन

क्यूडी-ओएलईडीत बाहेरचा प्रकाश अडवणारा पोलरायझर नसतो. उजेड पडला की काळा रंग जांभळट राखाडी होतो. पडदा खिडकीला काटकोनात ठेवा. पश्चिमेची खिडकी असेल तर जाड पडदा लावा. खुर्चीमागची ट्यूबलाइट वक्र पडद्यावर लांबलचक पसरून दिसते, तिच्याऐवजी मॉनिटरमागे मंद दिवा लावा.

बऱ्याच मॉनिटरची खोलीच्या तापमानाची कमाल मर्यादा ४० अंश असते. उन्हाळ्यात नाशकात पारा तिथे पोचतो आणि स्लॅबखालची खोली त्याहून तापते. उष्णतेने झीज वाढते. मॉनिटरमागे वीतभर जागा मोकळी ठेवा, जाळ्या झाकू नका आणि भर दुपारी ब्राइटनेस उतरवा.

सेटिंग

टास्कबार आपोआप लपेल असा ठेवा, वॉलपेपर काळा, डार्क मोड चालू आणि पाच मिनिटांनी डिस्प्ले बंद. मजकुरासाठी १२० ते १५० निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) पुरतात. एचडीआर (उजेड आणि अंधार यांतला फरक वाढवून दाखवणारा मोड) फक्त सिनेमा-गेमपुरतं चालू करा. पडद्यावर मोठी पांढरी विंडो उघडली की पडदा मंद होतो, तो बिघाड नाही, वीज आणि उष्णता आवरणारी मर्यादा आहे. एचडीआरमध्ये त्रास होत असेल तर त्यातला ट्रू ब्लॅक ४०० हा मोड निवडा, त्यात चढउतार कमी होतो.

दोन विंडो शेजारी लावून काम करणाऱ्यांनी मधली रेघ कायम एकाच जागी ठेवू नये. कधी अर्धा-अर्धा, कधी एक तृतीयांश, असं बदलत राहा. २१:९ च्या रुंद पडद्यावर सतत नेहमीच्या १६:९ आकाराचा व्हिडिओ पाहिला तर मधला भाग झिजतो आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या नव्या राहतात. नंतर पूर्ण पांढऱ्यावर हा फरक दिसू लागतो.

गेममधल्या अंधाऱ्या दृश्यात पडदा लुकलुकत असेल तर ते बहुधा व्हीआरआरमुळे (गेमच्या फ्रेम रेटनुसार पडद्याचा रिफ्रेश रेट बदलणारी सोय) असतं. फ्रेम रेट स्थिर राहील अशी मर्यादा घाला. तरीही थांबलं नाही तर त्या गेमपुरतं व्हीआरआर बंद करा.

पुसणं आणि वॉरंटी

अगरबत्तीचा धूर, रस्त्याची धूळ आणि बोटांचे डाग पडद्यावर बसतातच. मॉनिटर बंद करून गार होऊ द्या, आधी हवेच्या फुग्याने धूळ उडवा, मग कोरड्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. डाग राहिलाच तर डिस्टिल्ड वॉटरचे दोन थेंब फडक्यावर घ्या, पडद्यावर कधीच नाही. काच पुसायचा निळा स्प्रे, स्पिरिट आणि वर्तमानपत्राचा बोळा या पडद्याला लावू नका, वरचं कोटिंग उडतं.

बर्न-इन, म्हणजे पक्का बसलेला ठसा, वॉरंटीत आहे का, हे विकत घेण्याआधी त्या मॉडेलच्या भारतातल्या कागदांवर वाचा. काही कंपन्या तीन वर्षांपर्यंत तो स्पष्टपणे धरतात, काही धरत नाहीत. मुदत संपायच्या आधी दर काही महिन्यांनी पूर्ण राखाडी आणि तिन्ही रंगांवर पडदा तपासा, ठसा दिसला तर फोटो काढून तक्रार नोंदवा. खोकं आणि फोम माळ्यावर जपून ठेवा, कारण वक्र पॅनेल सर्व्हिस सेंटरपर्यंत धडधाकट न्यायला तेच लागतं. आणि रिक्षात किंवा गाडीत नेताना खोकं उभंच ठेवा.