क्लोक लावला, तरी आयपी दिसतोच कसा? आयआरसीवर या चुका टाळा

मध्यंतरी नांदेडहून इंजिनिअरिंगच्या एका पोराचा रात्री फोन आला. "सर, क्लोक लागलाय की, मग माझा आयपी कसा काय दिसालाय?" मी उलट विचारलं, "आज लाईट किती वेळा गेली?" "चार-पाच वेळा तर गेलीच असंल." दुखणं तिथंच होतं. (क्लोक म्हणजे आयपी, म्हणजे नेटवरचा तुमचा पत्ता, झाकणारा बुरखा.)

आयआरसी, म्हणजे इंटरनेटवर लिहून गप्पा मारायची व्यवस्था, 1988 साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी सुरू केलं. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच जण आजही तिथंच भेटतात, म्हणून आपली पोरंही तिकडं वळतात. या जुन्या व्यवस्थेत लपवाछपवी नव्हती. चॅनेलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, शिरलात की टोपणनाव, युजरनेम आणि ॲटच्या चिन्हापुढं तुमचा आयपी किंवा त्यावरून निघालेलं होस्टनेम (जोडणीचं नाव) सगळ्यांना दिसायचं. एखाद्याचं डोकं फिरलं की तो त्याच आयपीवर ट्रॅफिकचा मारा करून घरचं नेट बंद पाडायचा. म्हणून क्लोक आले. लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कवर साधा क्लोक मिळाला की आयपीच्या जागी 'यूझर', तिरकी रेघ आणि खात्याचं नाव दिसतं.

आता चूक कुठं होते ते बघा. तिथं क्लोक खात्याला लागतो, मशीनला नाही. लॉगिन होईपर्यंत तुम्ही उघडेच. आपल्याकडं लाईट गेली की कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो आणि राऊटर मात्र बंद पडतो. लाईट आली की क्लायंट, म्हणजे आयआरसीचं ॲप, आपोआप पुन्हा जोडला जातो, ठरलेल्या चॅनेलमध्ये घुसतो आणि मग निकसर्व्हला, म्हणजे खाती सांभाळणाऱ्या सेवेला, पासवर्ड देतो. मधल्या दोन सेकंदांत आयपी सगळ्यांपुढं आलेला असतो. पुढं क्लोक लागला की 'चेंजिंग होस्ट' असं कारण दाखवून तुम्ही गेलात आणि परत आलात अशी नोंद होते. म्हणजे जुना आयपी आणि नवा क्लोक, दोन्ही लोकांच्या लॉगमध्ये एकाखाली एक. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय! लातूरला असताना मी स्वतः कित्येक महिने असाच उघडा फिरत होतो. चॅनेलमधल्या एका भल्या माणसानं लॉग चिकटवला तेव्हा उमगलं.

यावर उपाय सासल (SASL) ही लॉगिनची पद्धत. यात खात्याची ओळख जोडणी पूर्ण होण्याआधीच पटते, त्यामुळं चॅनेलमध्ये शिरताना क्लोक अंगावर असतो. हेक्सचॅट या क्लायंटमध्ये नेटवर्कच्या यादीत 'एडिट' उघडून लॉगिनची पद्धत सासल निवडा, खात्याचं नाव आणि पासवर्ड भरा. पोर्ट 6697 ठेवा आणि तिथंच एसएसएलचा पर्याय चालू करा, म्हणजे जोडणी टीएलएसनं (कूटबद्ध) होते. एक गोम आहे: पासवर्ड चुकला तर काही क्लायंट तसेच पुढं जातात, बिनक्लोकचे. सासल फसलं तर जोडणीच तोडायची सोय असेल तर ती चालू करा. पासवर्ड बदलल्यावर क्लायंटमध्ये बदलायचा विसरणारे मी डझनभर तरी पाहिलेत.

स्वतःलाच हूइज (टोपणनावाची माहिती दाखवणारी आज्ञा) करून घाबरू नका. लिबेरावर तुमचा खरा आयपी तुम्हाला आणि नेटवर्कच्या चालकांना दिसतो, बाकीच्यांना नाही. क्लोक चालकांपासून लपवत नाही; तो त्यासाठी नाहीच.

एका नेटवर्कची रीत दुसरीकडं चालेलच असं नाही. ओएफटीसी या नेटवर्कवर निकसर्व्हला 'सेट क्लोक ऑन' सांगावं लागतं. अनरियल या सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालणारी नेटवर्कं साधारणपणे जोडताच आयपीचा गुप्त किल्लीनं केलेला हॅश (मूळ आयपी न कळणारा सांकेतिक मजकूर) दाखवतात. तो तुकड्यातुकड्यांनी बनतो, म्हणून खरा आयपी न कळताही आयपींच्या पूर्ण रेंजवर बंदी घालता येते. पण आयपी एकच तर क्लोकही एकच: हॉस्टेलच्या एकाच वायफायवरची दहा पोरं एकाच क्लोकनं दिसतात आणि एकानं दंगा केला की दहाही बाहेर.

"आपला आयपी तर मुंबईच दाखवतो" म्हणून निर्धास्त राहणारेही आहेत. मोबाईल डेटावर बऱ्याचदा तसं होतं खरं. पण दुकानात, कॉलेजात स्थिर आयपी घेतला असेल तर तो रोज तोच.

आणि क्लोक लावून वर 'रिअलनेम'च्या रकान्यात पूर्ण नाव-आडनाव? काही क्लायंट ते कॉम्प्युटरच्या खात्यावरूनच उचलतात. तपासा. डीसीसी या आयआरसीच्या सोयीनं फाईल पाठवली की आयपी थेट समोरच्याच्या हातात, कारण तिथं दोन मशीन सरळ एकमेकांशी बोलतात. अनोळखी लिंक उघडली तर त्या साइटला तो दिसणारच.

फोनवरच्या कॉलचंही तसंच. व्हॉट्सॲपमध्ये 'प्रायव्हसी'च्या 'ॲडव्हान्स्ड'मध्ये कॉलमधला आयपी झाकायची सोय आहे, सिग्नलमध्ये कॉल कायम रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) नेता येतात, टेलिग्राममध्ये पीअर-टू-पीअर (थेट जोडणी) 'नोबडी' करता येतं. आवाज थोडा अडखळला तर चालवून घ्या.

सगळं लावून झालं की मोबाईल डेटावरून दुसऱ्या टोपणनावानं त्याच चॅनेलमध्ये बसा आणि घरच्या राऊटरचं बटण बंद करून चालू करा. पहिलं टोपणनाव परत येताना त्याच्यापुढं काय लिहून येतं ते वाचा. आयपीचे आकडे किंवा होस्टनेम दिसलं तर सासल अजून लागलेलं नाही.